साल्गादोने रोल सोडला तेव्हा नक्की काय बदललं

रोलवरून डिजिटलवर गेल्यावर फोटोग्राफर बदलतो का, हा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो रोलची मजाच वेगळी होती, आता काय कोणीही उठतो आणि फोटो काढतो. दुसरा म्हणतो कॅमेरा हे हत्यार आहे, नजर तीच राहते. मला दोन्ही पटत नाही. का पटत नाही ते सांगायला मी एकच प्रकरण घेतोय, ब्राझीलच्या सेबास्टियाओ साल्गादोचं, कारण या माणसाने एका मोठ्या प्रोजेक्टच्या बरोब्बर मध्यात रोल सोडला आणि डिजिटल हातात घेतलं. विषय तोच, माणूस तोच, पुस्तक तेच, आणि त्यातले सुरुवातीचे फोटो फिल्मवरचे तर नंतरचे डिजिटल. तुलना करायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १९४४, शिक्षण अर्थशास्त्राचं, लंडनला आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेत नोकरी, आणि बायको लेलियाने घेतलेला कॅमेरा हातात आल्यावर १९७३ मध्ये नोकरी सोडून पूर्णवेळ फोटोग्राफी. १९८६ मध्ये ब्राझीलमधल्या सेरा पेलाडाच्या सोन्याच्या खाणीत चिखलाने माखलेली हजारो माणसं शिड्यांवरून पोती वाहून नेतायत ते फोटो त्याचेच. जवळपास सगळं ब्लॅक अँड व्हाइट, बहुतेक काम लायका कॅमेऱ्यावर आणि कोडॅकच्या ट्राय-एक्स रोलवर. २०२५ च्या मे महिन्यात तो पॅरिसला वारला, ८१ वर्षांचा होऊन.

आपल्या लोकांनी त्याचा एक फोटो नक्की पाहिलेला असतो, भले नाव माहीत नसेल. चर्चगेट स्टेशन, १९९५. उंचावरून घेतलेला, दोन बाजूंना लोकल उभ्या आणि मधल्या प्लॅटफॉर्मवर माणसांचा लोंढा, शटर इतकं संथ ठेवलेलं की गाड्या स्वच्छ दिसतात आणि माणसं पुसट होऊन एकमेकांत मिसळलीयत. जगभरातल्या स्थलांतरावरचं त्याचं काम चाललं होतं, त्यातला हा फोटो. आता हा फोटो रोलवर काढायचा म्हणजे काय ते बघा. शटर थोडं जास्त उघडं राहिलं तर माणसं धूर होऊन नाहीशी होणार, थोडं कमी राहिलं तर नुसते हललेले फोटो येणार, लोक म्हणतील हात हलला. मधलं नेमकं गणित जमलं की नाही हे त्या क्षणी कळायची कसलीही सोय नाही. अंदाजाने सेकंद बदलत जायचं, लोकल येतील तसे आणखी काही काढायचे आणि पुढे जायचं. रोल धुतल्यावर काय ते कळणार, आणि तोवर चर्चगेट हजारो मैल मागे पडलेलं. डिजिटलवाला याच ठिकाणी दर फोटोनंतर स्क्रीन बघेल, शटर जुळवत जाईल आणि दहाव्या फोटोला हवं ते मिळालं की कॅमेरा बॅगेत ठेवून चहा प्यायला जाईल. आणि माझ्या मते गोष्ट तिथेच बिघडते, कारण फोटोग्राफरला जे आधीच हवं होतं तेच त्याला मिळतं, अकरावा आणि विसावा फोटो निघतच नाही. रोलवाला खात्री नसल्यामुळे थांबून राहतो. खात्री नसणं हा रोलचा त्रास होता आणि कामाचा एक भागही होता.

रोल का सोडला

२००४ मध्ये त्याने जेनेसिस सुरू केलं, जगाचे जे भाग अजून बऱ्यापैकी मूळ अवस्थेत राहिलेत ते टिपायचं काम, पहिला मुक्काम गालापागोस बेटांवर. निसर्गाचे मोठे प्रिंट करायचे तर ३५ एमएमची निगेटिव्ह पुरणार नाही म्हणून लायका बाजूला ठेवून त्याने पेंटॅक्स ६४५ घेतला, म्हणजे मीडियम फॉरमॅट. त्यात २२० चा रोल घालायचा. १२० चा रोल वापरलेल्यांना आठवत असेल, त्याला मागे पूर्णभर कागद असतो. २२० ला तो कागद फक्त सुरुवातीला आणि शेवटी, मध्ये नुसती फिल्म, त्यामुळे लांबी दुप्पट आणि एका रोलमध्ये तीसेक फोटो. एवढ्याशा फोटोंसाठी महिनाभराच्या प्रवासाला किती रोल लागतील विचार करा. शेकडो. पेट्याच्या पेट्या भरून फिल्म घेऊन हा माणूस अंटार्क्टिका, सुदान, आफ्रिकेतले ज्वालामुखी असा फिरत होता.

आणि मग विमानतळ. ११ सप्टेंबर २००१ नंतर तपासणी कडक झाली. हँडबॅगच्या एक्स-रे मधून मध्यम स्पीडची, म्हणजे उजेडाला मध्यम संवेदनशील, फिल्म एकदा गेली तर काही होत नाही, आपल्याकडेही सगळे तसंच न्यायचे, शिशाची पिशवी फार थोड्यांकडे असायची. पण एक्स-रे चा परिणाम साठत जातो, दर वेळी फिल्मवर थोडा थोडा धुरकटपणा चढतो आणि तो सगळ्यात आधी दिसतो सावल्यांमध्ये, जिथे निगेटिव्ह जवळपास कोरी असते. दूरच्या ठिकाणी जायचं म्हणजे तीन-चार विमानं बदलायची, जाताना आणि येताना, आणि हाताने तपासा म्हणून कितीही विनवलं तरी ऐकणारा अधिकारी भेटेलच असं नाही. साल्गादोची तक्रार हीच होती की तीन-चार एक्स-रे झाले की ग्रे छटा मोडायला लागतात. ज्याचं सगळं आयुष्य ग्रे छटांवर उभं आहे त्याच्यासाठी ही किरकोळ गोष्ट नाहीये.

म्हणजे लक्षात घ्या, त्याला रोलचा कंटाळा आला नव्हता की डिजिटलची ओढ लागली नव्हती. २००८ मध्ये, वयाच्या ६४ व्या वर्षी, ३५ वर्षं फिल्मवर काढल्यानंतर तो हलला तो विमानतळांमुळे. कॅनन ईओएस-१डीएस मार्क थ्री, २१ मेगापिक्सेल, फुल फ्रेम म्हणजे ३५ एमएमच्या फिल्मएवढा सेन्सर, २००७ चं मॉडेल. मीडियम फॉरमॅटच्या निगेटिव्हसमोर हा उभा राहतो का ते मोठे प्रिंट काढून तपासलं, आणि राहतो म्हटल्यावर घेतला. दोनच वर्षांनी, २०१० मध्ये, कोडॅकने ट्राय-एक्स ३२० चा २२० रोल बनवणंच बंद केलं. म्हणजे तो हट्टाने थांबला असता तरी पायाखालची फळी निघणारच होती.

काय घेतलं, काय नाकारलं

आता माझा मुद्दा. रोल आणि डिजिटलमध्ये खरा फरक आहे तो कुठला निर्णय कधी घ्यावा लागतो याचा. रोलमध्ये काही निर्णय आधीच होऊन गेलेले असतात. फिल्म कुठली, स्पीड किती, रंगीत की ब्लॅक अँड व्हाइट, हे रोल भरला की ठरलं. आकाश गडद हवं तर लेन्सवर पिवळा किंवा लाल फिल्टर तिथल्या तिथे लावायचा, घरी येऊन लावता येत नाही. आणि एक निर्णय असा आहे जो रोल तुम्हाला घेऊच देत नाही, तो म्हणजे निवडीचा. कुठला फोटो चांगला आलाय हे काढताना कळत नाही, खूप नंतर कळतं, जेव्हा त्या जागेची, त्या माणसांची, त्या दिवशीच्या मेहनतीची धग थोडी उतरलेली असते.

डिजिटल हे दोन्ही उलटं करून टाकतं. आधीचे निर्णय पुढे ढकलता येतात, आयएसओ, म्हणजे हाच स्पीड, दर फोटोला बदला, रंग नंतर काढा, आकाश नंतर गडद करा. आणि जो निर्णय उशिरा व्हायचा तो ओढून आत्ताच आणला जातो, फोटो काढला की मान खाली, स्क्रीनवर बघ, आवडला, नाही आवडला, डिलीट.

साल्गादोने काय केलं तर यातला पहिला बदल घेतला आणि दुसरा घेतलाच नाही.

तो कॉम्प्युटरवर फोटो निवडत नव्हता. पॅरिसला परत आला की त्याची टीम फाइल्समधून कॉन्टॅक्ट शीट छापायची, अगदी कागदावर, जशी रोलच्या जमान्यात असायची. ज्यांनी कॉन्टॅक्ट शीट पाहिली नाहीये त्यांच्यासाठी सांगतो: धुतलेल्या रोलच्या सहा-सहा फोटोंच्या पट्ट्या कापायच्या, डार्करूममध्ये ब्रोमाइड पेपरवर शेजारी शेजारी ठेवायच्या, वरून काच दाबायची, दोन-चार सेकंद लाइट, मग डेव्हलपर, पाणी आणि फोटो पक्का करणारा हायपो. ३६ फोटो एका कागदावर येतात, एकेक फोटो जेमतेम टपाल तिकिटाएवढा. त्यावर भिंग ठेवायचं, डोळा टेकवायचा आणि एकेका चौकटीवरून सरकत जायचं. पहिली गोष्ट म्हणजे इतक्या लहान आकारात चेहऱ्यावरची शार्पनेस वगैरे दिसत नाही, दिसते ती फक्त रचना, काळं कुठे आहे पांढरं कुठे आहे. फोटो त्या आकारात उभा राहिला तर तो मोठाही उभा राहतो. दुसरी गोष्ट, फोटो एकटा कधीच दिसत नाही, आधीचा आणि नंतरचा चिकटूनच असतो. फोटोग्राफर एखाद्या प्रसंगाच्या जवळ कसा गेला, कुठे घाबरून लांब राहिला, कुठे दोन पावलं डावीकडे सरकला आणि एकदम सगळं जुळून आलं, हे त्या कागदावर वाचता येतं. फेल गेलेले फोटोही तिथेच असतात, ते पुसता येत नाहीत. स्क्रीनवर एकेक फोटो पूर्ण मोठा करून बघणारा माणूस ही गोष्ट गमावतो, आणि गमावतोय हे त्याला कळतही नाही कारण फेल फोटो त्याने जागेवरच उडवलेले असतात.

फ्रेमचा आकारही त्याने सोडला नाही. कॅनन ३ बाय २ ची लांबट फ्रेम देतो, पेंटॅक्स ६४५ ची साधारण ४ बाय ३, जरा चौकोनाकडे झुकणारी. प्रोजेक्ट त्या आकारात सुरू झालं होतं म्हणून डिजिटलचे फोटोही त्याच प्रमाणात ठेवले. म्हणजे २१ मेगापिक्सेलमधला एक तुकडा सरळ सोडून दिला. आपल्याकडे मेगापिक्सेलवरून भांडणाऱ्या लोकांनी हे जरूर बघावं.

पुढे प्रिंट. डिजिटल फाइल फार स्वच्छ असते, आभाळ आणि कातडी गुळगुळीत, आणि फिल्मच्या फोटोशेजारी लावली तर लगेच उपरी वाटते. म्हणून डीएक्सओच्या सॉफ्टवेअरमधून ट्राय-एक्सचा ग्रेन, म्हणजे फिल्मचा दाणेदारपणा, फाइलवर चढवला. तिथेही न थांबता प्रदर्शनाच्या प्रिंटसाठी त्या फाइलची ४ बाय ५ इंचाची खरी निगेटिव्ह बनवून घेतली, लॅबमध्ये फिल्मवर उतरवून, आणि ती निगेटिव्ह एनलार्जरमध्ये, म्हणजे ती मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्रात, घालून नेहमीच्या चांदीच्या ब्रोमाइड पेपरवर प्रिंट काढले. सुरुवात कार्डवर, शेवट डार्करूममध्ये. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा नुसता उलटा प्रवास वाटला, मग विचार केल्यावर वाटलं की नाही, याला पक्कं माहीत होतं आपल्या फोटोचा फोटो कुठे होतो, आणि तेवढा टप्पा त्याने हातचा जाऊ दिला नाही. शिवाय हार्ड डिस्कचं काही सांगता येत नाही पण नीट धुतलेली ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह कपाटात पन्नास वर्षं आरामात राहते, हा फायदा वेगळाच.

मग तो बदललाच नाही का?

बदलला, आणि ते पुस्तकात दिसतं, असं मला वाटतं.

जेनेसिस २०१३ मध्ये आलं. त्यातला गालापागोसच्या समुद्री घोरपडीचा पंजा बघा, २००४ चा, फिल्मवरचा. खवले एखाद्या चिलखताच्या हातमोज्यासारखे, पुढचा पंजा अगदी स्पष्ट आणि बाकी सगळं अंधारात विरघळत गेलेलं. अंधार म्हणजे खरा अंधार, त्यात काही शोधायला जाऊ नका. किंवा २००५ चा अंटार्क्टिकचा हिमनग, ज्याच्यावर निसर्गानेच किल्ल्याचा बुरूज बांधल्यासारखं दिसतं. किंवा २००६ चे दक्षिण सुदानमधल्या डिंका लोकांच्या गुरांच्या तळाचे, धुरातून येणारा उजेड, लांब शिंगं, राखेने माखलेली माणसं. या फोटोंमध्ये उजेड जिथे फार होतो तिथे तो हळूहळू पांढऱ्यात जातो, तुटत नाही. निगेटिव्हचा स्वभावच तसा, जास्त उजेड ती पोटात घालते, कमी उजेड मात्र सहन करत नाही. म्हणून जुने लोक सांगायचे, सावली सांभाळ, उजेडाचं काय ते प्रिंट करताना बघू.

डिजिटल सेन्सर याच्या नेमका उलटा. उजेड हद्दीबाहेर गेला की तिथे काहीच उरत नाही, सपाट पांढरा ठिपका, पण सावलीत बरंच काही लपलेलं असतं, नंतर वर काढता येतं. साल्गादोसारख्या आयुष्यभर सूर्याकडे तोंड करून फोटो काढणाऱ्या माणसाला ही मोठी गोष्ट आहे. ढग सांभाळायचे तर एकूण फोटो जरा काळा काढायचा आणि सावली घरी येऊन उचलायची. आता २००९ चे अलास्कातल्या ब्रूक्स पर्वतरांगेचे फोटो उघडा, किंवा त्याच वर्षीचे साउथ सँडविच बेटांवरचे पेंग्विन. ढगांची एकेक घडी दिसते, डोंगराच्या सावलीतला एकेक दगड दिसतो, सगळीकडे सगळं दिसतं. भव्य आहेत यात वादच नाही, पण मला त्यातल्या काही फोटोंमध्ये आकाश जरा जास्तच घडवलेलं वाटतं. लाल फिल्टर लेन्सवर लावला तर त्याचा परिणाम जेवढा होईल तेवढाच होतो, कॉम्प्युटरवर निळा रंग खाली ओढायला लागलं की थांबायचं कुठे हे फक्त तुमच्या मनावर. निर्णय पुढे ढकलता येतो म्हटल्यावर तो वाढतही जातो. फिल्मच्या फोटोंमध्ये जो थोडा निरुपाय होता, की सावली गेली तर गेली, तो नंतरच्या फोटोंमध्ये कमी झाला, आणि मला त्या निरुपायाची आठवण येते.

पण दुसरी बाजूही तेवढीच खरी. २०११ चे सायबेरियातल्या यामाल द्वीपकल्पावरच्या नेनेत्स लोकांचे फोटो घ्या, रेनडियरचे कळप घेऊन बर्फातून सरकणारी माणसं. किंवा २००९ चे ब्राझीलच्या जंगलातले झोए लोक, दाट झाडीखाली, जिथे भर दुपारी संध्याकाळ असते. ट्राय-एक्स ३२० घालून मीडियम फॉरमॅटच्या अंधाऱ्या लेन्सने जंगलात फोटो काढायचे म्हणजे एकतर सगळ्यांना स्तब्ध उभं करा नाहीतर ट्रायपॉड लावा. एकाच दिवसात झाडीत १६०० आणि नदीवर २०० आयएसओ, रोल न बदलता, ही सोय मिळाल्यावर माणसं त्यांच्या कामात असताना टिपता येतात, उगीच थांबवावं लागत नाही. झोएंचे फोटो मला त्याच्या सगळ्यात मोकळ्या कामांपैकी वाटतात. ते डिजिटलशिवाय झाले नसते असं मी ठाम म्हणणार नाही, पण असे झाले नसते एवढं नक्की.

तुलनेला आपले फोटोग्राफर रघु राय घेता येतील. त्यांनी २००३ मध्ये, मुंबईतल्या एका असाइनमेंटवर असताना, निकॉन डी१०० वापरला, फक्त सहा मेगापिक्सेलचा कॅमेरा, आणि त्यानंतर फिल्मकडे परत गेलेच नाहीत.  रस्त्यावर काम करणारा माणूस, क्षणात पुढे जाणारा, त्याला लगेच दिसणं मानवलं. साल्गादो एकेका ठिकाणी आठवडेच्या आठवडे राहणारा, त्याला नाही मानवलं. म्हणून सरसकट नियम काढायला मी तयार नाही. आपल्या कामाचा वेग कुठला आहे ते आधी बघावं लागतं.

आपल्यापर्यंत यातलं काय पोचतं

कोणी म्हणेल साल्गादोकडे पॅरिसला टीम होती, लॅब होती, लेलिया सगळा डोलारा सांभाळायची, आम्ही काय करणार. बरोबर आहे, ४ बाय ५ ची निगेटिव्ह बनवणं आपल्या कोणाच्या खिशाला परवडणारं नाही. तालुक्याच्या स्टुडिओवाल्याने उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सच्या इंदू पेपरवर पासपोर्ट फोटो छापण्यापासून डिजिटल छपाईच्या करिझ्मा अल्बमपर्यंत सगळं एकाच आयुष्यात पाहिलंय, आणि त्याला कोणी थांबून विचार करायला वेळ दिला नाही. आधी एका लग्नाला मोजके रोल, ३६ च्या रोलमधून ओढून ३७-३८ काढायचे, अक्षता पडताना शेवटचे दोन फोटो राखून ठेवायचे, कारण नेमक्या त्याच वेळी रोल संपला तर पाहुणे फाडून खातील. ती राखून ठेवायची सवय गेली. आता हजारो फोटो निघतात आणि रात्री दोन वाजता कॉम्प्युटरसमोर बसून डोळे चोळत ते कमी करावे लागतात, म्हणजे जी मेहनत मंडपात होत होती ती खुर्चीत आली आणि पाठदुखी सोबत घेऊन आली. पैसे मात्र त्या रात्रीचे कोणी देत नाही.

तरी कॉन्टॅक्ट शीटची गोष्ट कोणालाही करता येण्यासारखी आहे. अल्बमसाठी १२ बाय १८ ची शीट जी आपण कुठल्याही लॅबला पाठवतो, त्याच एका शीटवर ३६ फोटो सहज बसतात, क्रमाने, एकही न गाळता, फेल गेलेले धरून. लग्नाचे नकोत, स्वतःसाठी म्हणून जे काढता त्यातले. जत्रेचे, वारीचे, शेतातले. शूटच्या वेळी स्क्रीनचा प्रिव्ह्यू बंद ठेवायचा, तो ऑप्शन बहुतेक कॅमेऱ्यांत असतो, आणि शीट छापून आली की दोन-तीन आठवडे उघडायची नाही. मग भिंग घेऊन बसायचं, आणि पेन्सिलने खूण करायची ती एका शीटवर फार तर एका फोटोला.